चित्रावरून गोष्ट

व्यंगचित्रकार शंकर यांनी 1949 साली दिल्लीत मुलांसाठी जी स्पर्धा आरंभिली, तीत पुढे चित्रकलेसमवेत लेखनासही स्थान मिळाले. परंतु चित्र समोर ठेवून कथा लिहविण्याची अस्सल सामग्री खानदेशाच्या उंबरठ्याशीच आहे. जळगावहून सुमारे 60 किलोमीटरवरील अजिंठ्याच्या 17व्या लेण्यात विश्वंतर राजपुत्राच्या सर्वस्वदानाची आणि षड्दंत हत्तीची जातककथा भिंतीवर रंगविलेली असून, तेथे चित्रकार कथेकडून चित्राकडे गेला. मुलांनी उलट वाटेने यावे, आणि मूळ कथा त्यांस ठाऊक नसेल तर फारच उत्तम! चित्रे निवडण्यासाठी चाळीसगावी कलामहर्षी केकी मूस (1912–1989) यांचा कलासंग्रहही आहेच. जळगाव-धुळ्याच्या शिक्षणखात्यांनी चित्रावरून गोष्ट लिहिण्याच्या स्पर्धेचा जाहीरनामा काढताना शुद्धलेखनापेक्षा कल्पनेस अधिक गुण राखून ठेवावेत.