न्यूपोर्टच्या समाधीशिळा

ठिकाण : न्यूपोर्ट, ऱ्होड आयलंड. 1640 च्या सार्वजनिक दफनभूमीचा ‘गॉड्स लिटल एकर’ हा भाग. इथे आफ्रिकी वंशाच्या गुलामांचे व मुक्त झालेल्यांचे दफन होई.

दगड : स्लेट, वरच्या कमानीत पंख असलेला देवदूताचा चेहरा.

पाथरवट : पॉम्पी स्टीव्हन्स, 1705 पासून आजतागायत चालू असलेल्या जॉन स्टीव्हन्स कार्यशाळेतला गुलाम. भाऊ कफी गिब्ज 27 डिसेंबर 1768 रोजी, चाळिसाव्या वर्षी वारला. त्याची शिळा आपण घडवल्याचे पॉम्पीने तिच्यावरच कोरले. गुलाम कारागिराची अशी सही फार दुर्मीळ. भावांची आडनावे वेगळी, कारण ती मालकांची.

नाव : कफी, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतल्या अकान लोकांच्या प्रथेनुसार शुक्रवारी जन्मलेला मुलगा.

कायदा : ऱ्होड आयलंडमध्ये गुलामगिरी टप्प्याटप्प्याने संपवण्याचा कायदा 1784 चा.