माळावरची प्रयोगशाळा

भाईंदर स्टेशनच्या पश्चिमेला उतरून उत्तनची बस धरली, की राई, मुर्धा, मोर्वा ही गावे मागे पडतात आणि डोंगरी येते. नावाप्रमाणे गावाला डोंगर आहे. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी. ह्या पट्ट्यात वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि बहुतेक सारा खारट पाण्याला जाऊन मिळतो. उन्हाळ्यात मात्र मीरा-भाईंदरच्या कित्येक सोसायट्यांच्या दारात टँकर उभा असतो.

थोडा हिशेब करू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी होते. म्हणजे हजार चौरस मीटरांची गच्ची असलेल्या एखाद्या इकडच्या कॉलेजवर वर्षाला वीस लाख लिटर पाणी पडते. हा गुणाकार आठवीतल्या मुलीलाही येईल. पण आपल्या कॉलेजच्या गच्चीचे पाणी कोणत्या नळाने उतरते आणि कोठे जाते, हे बी. एस्सी. झालेल्या किती मुलांना ठाऊक असते?

तसे पाहिले तर पर्यावरण हा विषय आता सर्वांनाच आहे. तो शिक्षणात सक्तीचा करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सांगितले आणि पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांना सहा महिन्यांचा अभ्यासक्रम लावला. त्यात प्रत्यक्ष जागेवर जाऊन करायचे कामही आहे. मौज अशी, की मुले ते काम बहुधा टेबलाशी बसून, गेल्या वर्षीच्या वह्यांवरून उतरवतात! आणि खिडकीबाहेर हिरवळीवर पाटी असते : ‘झाडांना हात लावू नये.’

उत्तनला केशवसृष्टीत शाळा, गोशाळा, शेती आणि वनौषधींची लागवड एकाच आवारात नांदतात. पण पदवीच्या मुलांसाठी विद्यापीठाची जमीन काय करू शकते हे पाहायचे, तर कोल्हापूरला गेले पाहिजे.

शिवाजी विद्यापीठाची स्थापना १८ नोव्हेंबर १९६२ रोजी झाली. जागा मिळाली ती शहराबाहेरचा सागरमाळ, ८५३ एकर. ऐकायला मोठी, पण होती खडकाळ. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार इतिहासाचे अभ्यासक. त्यांनी हा माळ नुसता इमारतींनी भरला नाही. गरीब मुलांसाठी ‘कमवा आणि शिका’ योजना काढली, राहण्यासाठी विद्यार्थी भवन उभे केले. खेड्यातून आलेली मुले काम करीत, त्यावर जेवणाखाणाचा खर्च भागवीत आणि एम. ए., एम. एस्सी. होत.

ही कल्पना मूळची साताऱ्याची. कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनी १९४७ साली तेथे छत्रपती शिवाजी कॉलेज काढले ते ह्याच पायावर. स्वतः पदवी न घेतलेल्या ह्या माणसाला पुणे विद्यापीठाने १९५९ साली डी. लिट. दिली. हाताला घट्टे पडलेला मुलगा पुस्तकात मागे पडत नाही, हे तोवर साऱ्या महाराष्ट्राने पाहिले होते.

कोल्हापूरच्या माळाने पुढे आणखी एक धडा दिला, तो पाण्याचा. वर्षाला हजार मिलिमीटर पाऊस धरला, तरी ८५३ एकरांवर सुमारे ३४५ कोटी लिटर पाणी पडते. त्यातले थोडे जरी अडले तरी पुष्कळ. विद्यापीठाने तलाव, विहिरी, शेततळी ह्यांतून ते अडवीत नेले. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात शहराची पाणी उपसण्याची केंद्रेच बुडाली. चहूकडे पाणी आणि घरात प्यायला घोट नाही, अशा त्या दिवसांत विद्यापीठाच्या आवारातले पाणी शहराच्या कामी आले.

वनस्पतिशास्त्र विभागाच्या बागेचीही गोष्ट सांगण्यासारखी आहे. सह्याद्रीत कंदीलपुष्प नावाचा एक वेल होतो. त्याचे फूल खरोखर आपल्या आकाशकंदिलासारखे दिसते. त्याच्या कित्येक जाती जगात दुसरीकडे कोठेच नाहीत आणि काही तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या होत्या. प्रा. श्रीरंग यादव आणि त्यांचे विद्यार्थी ह्यांनी त्या शोधल्या, बागेत वाढवल्या आणि रोपे पुन्हा डोंगरावर नेऊन लावली. पुस्तकातले चित्र पाहून हे होत नाही.

आमच्याकडे एवढी जमीन कोठे, असे मुंबईकडचे प्राध्यापक म्हणतील. एकरांची गोष्ट सोडा, कामाला फार सामान लागत नाही. दोन सारख्या काठ्या वर बांधाव्यात, मध्ये आडवी काठी ठोकावी, शेंड्यापासून दोरीला दगड टांगावा. दोरी आडव्या काठीच्या मध्यखुणेवर आली, की दोन्ही पाय एका पातळीत. हे ‘ए’ अक्षर उतारावर पावलापावलाने फिरवले, की समपातळीची रेघ मिळते आणि त्या रेघेवर चर खणला, की धावते पाणी थांबून मुरते. ह्यात भूमिती आली, भूगोल आला आणि घामही आला.

खरी अडचण निराळीच आहे. झाडे लावली जातात जूनमध्ये, फोटोसह. ती मरतात मे महिन्यात, सुट्टीत. रोपाला परीक्षेचे वेळापत्रक कळत नाही. म्हणून उन्हाळ्यात पाणी घालणाऱ्या मुलांना योग्य मजुरी आणि गुणही मिळाले पाहिजेत. सारे माळीबुवांवर सोपवायचे असेल, तर मुलांना कुदळ द्यायचीच कशाला?

पुन्हा डोंगरीकडे वळतो. मेट्रोच्या नऊ क्रमांकाच्या मार्गाच्या कारशेडसाठी ह्या डोंगरावरची हजारो झाडे तोडण्याचा प्रस्ताव २०२५ साली पुढे आला, तेव्हा मोठा विरोध झाला. अशा वेळी झाडे कोणती, किती घेराची, त्यांवर कोणते पक्षी, खाली कोणते झरे, असे प्रश्न निघतात. त्यांची उत्तरे घाईघाईने एका आठवड्यात मिळत नाहीत. ती जवळच्या कॉलेजच्या नोंदवहीत दहा वर्षे लिहिली जात असावी लागतात, मुलांच्या हातची, दरवर्षी नव्या तुकडीने पुढे चालवलेली.

सुरुवातीला हीच दिवाळीची सुट्टी बरी. पाऊस थांबलेला असतो, विहिरी भरलेल्या असतात. दोरीला गाठी मारून पाण्याची पातळी आता मोजावी, मग होळीला आणि मग मेच्या शेवटी. तीनही आकडे तारखेसह वहीत लिहावेत.