कॅम केवढा हवा?

इंजिनाची ताकद वाढवायची ठरलं की पुरुषमंडळींची नजर आधी कॅमशाफ्टवर जाते. जितका मोठा, तितका चांगला! आमच्या गॅरेजमध्ये १९७९ची कमारो आहे. इंजिन ३५० क्युबिक इंचांचं, म्हणजे ५.७ लिटरचं. नवऱ्याने तिच्यासाठी पसंत केलेला पहिला कॅम शर्यतीच्या गाडीला शोभला असता. आमची गाडी रविवारी देवळात जाते, मागच्या सीटवर लेक असते.

मोठा कॅम व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवतो. आत येण्याचं आणि बाहेर जाण्याचं, दोन्ही दारं काही क्षण एकदमच उघडी राहतात. वेगात त्याचा फायदा होतो. सिग्नलला मात्र इंजिन थरथरतं आणि व्हॅक्यूम घटतो. पॉवर ब्रेक त्याच व्हॅक्यूमवर चालतात! गुरगुर वाढणार आणि ब्रेकचं पेडल जड होणार, हे कळल्यावर घरातला वाद मिटला. मध्यम कॅम आला.

खरी परीक्षा स्प्रिंगची. मिनिटाला ६००० फेऱ्या झाल्या की प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडतो-मिटतो. स्प्रिंग मऊ असली तर तो वेळेत मिटत नाही, पिस्टनवर आदळूही शकतो. मग सगळ्यात कडक घ्यावी? तेही नाही. या जुन्या इंजिनात लिफ्टरचा तळ कॅमवर घासतो. दाब जास्त झाला की कॅमचा उंचवटाच झिजतो. त्यात हल्लीच्या तेलांत जस्त कमी. म्हणून कॅमबरोबर त्याच कंपनीने सुचवलेली स्प्रिंग घ्यावी. रोलर लिफ्टरने घासणं टळतं, पण खर्च बराच वाढतो आणि पुशरॉडही आखूड लागतात. आम्ही तो मोह टाळला.

रॉकर आर्म म्हणजे शाळेत मी शिकवत असे ती तरफ. १.५ऐवजी १.६ प्रमाणाचा रॉकर लावला की व्हॉल्व्ह ०.४५० इंचाऐवजी ०.४८० इंच उघडतो. एवढ्यानेही स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना टेकू शकतात, आणि मग पुशरॉड वाकतो. आम्ही १.५च ठेवला.

व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर मोजायला लेकीची खेळण्यातली क्ले कामी आली. ती पिस्टनवर थापली, हेड बसवलं, इंजिन हाताने दोन फेरे फिरवलं आणि क्ले कापून जाडी पाहिली. इनटेकला निदान ०.०८० आणि एक्झॉस्टला ०.१०० इंच हवी. भरली.

असा नवा कॅम पहिल्यांदा सुरू केला की इंजिन वीसेक मिनिटं २०००च्या वर ठेवावं लागतं. शेजाऱ्यांना आदल्या दिवशीच सांगून आले, सोबत चकल्या नेल्या.