घामाचे हप्ते

जपानच्या निन्टेन्डो कंपनीने २००७ साली ‘वी फिट’ हा व्यायामाचा खेळ विक्रीस आणला. दूरचित्रवाणीसमोर ठेवलेल्या फळीवर उभे राहावे, तोल सावरावा, कंबर हलवावी. फळी वजन मोजते, पडदा गुण देतो. त्याच्या २ कोटींहून अधिक प्रती खपल्या. अशी गंमत बैठ्या माणसाला खुर्चीवरून उठवते, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ग्राहक किंमत मोजतो ती एकदाच, आणि तीही यंत्राची. घाम मात्र रोज, हप्त्याहप्त्याने भरावयाचा असतो. विक्रेत्याचा हिशेब पहिल्याच दिवशी पुरा होतो. मग फळी पलंगाखाली गेली तर त्याचे काय बिघडले? चार दिवसांच्या गैरहजेरीबद्दल हा खेळ टोमणाही मारतो. फक्त त्यासाठी तो आधी सुरू करावा लागतो.