नदी नसलेला देश

सौदी अरेबियात मी एकोणीस वर्षं जमीन मोजली. पाण्याच्या पाइपलाइनच्या कामांवर सर्व्हेअर होतो. लांजा तालुक्यातल्या आमच्या वाडीतून निघालो तेव्हा डोळ्यांसमोर चित्र एकच होतं : जिकडे पाहावं तिकडे वाळू. प्रत्यक्षात देशाचा साधारण तिसरा हिस्साच वाळूखाली आहे. बाकी खडक, खडी, लाव्हा, खारवट मैदानं आणि चक्क घाट!

पश्चिमेकडून पूर्वेकडे निघालो, तर कोकणातल्या माणसाला हा नकाशा पटकन कळतो. तांबड्या समुद्राला लागून तिहामा नावाची चिंचोळी, दमट किनारपट्टी. तिच्या मागं एकदम उभा राहणारा हिजाझ-असीरचा कडा. सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी अरबस्तानचा तुकडा आफ्रिकेपासून फाटू लागला. मधल्या फटीत समुद्र शिरला आणि फाटलेली कड वर उचलली गेली. तोच हा घाट. असीरमध्ये तो 3,000 मीटरच्या आसपास पोचतो. सुमारे 2,200 मीटरवरच्या अब्हा शहरात मी धुकं पाहिलं, जुनिपरची झाडं पाहिली, रस्त्याकडेला बसलेली बबून माकडं पाहिली. उतारावर दगडी बांध घालून केलेली शेतं दिसली तेव्हा गाव आठवलं.

घाटमाथा ओलांडला की आपल्या देशासारखंच पठार लागतं, नज्द. तिथून जमीन पूर्वेकडे उतरत जाते. फरक एवढाच, की आपल्याकडे त्या उतारावर कृष्णा-गोदावरी वाहतात. इथं बारमाही नदी एकही नाही. महाराष्ट्राच्या सातपट क्षेत्रफळाचा देश, आणि नदी नाही! रियाधला वर्षाकाठी पाऊस जेमतेम 100 मिलिमीटर.

तरी ही जमीन पाण्यानंच कोरलेली आहे. कोरड्या पात्राला तिथं वादी म्हणतात. पहिल्याच वर्षी आम्ही एका वादीत, छान सपाट जागा म्हणून तंबू ठोकले. आमच्या वयस्क बदू ड्रायव्हरनं संध्याकाळी ते हट्टानं उपटायला लावले आणि काठावर चढवले. आमच्यावर एक थेंब पडला नाही. पण लांब डोंगरात पाऊस झाला होता. रात्री गढूळ लोंढा गर्जत आला, आणि सकाळी आमची जागा ओळखू येईना. त्या दिवसापासून मी आधी उतार बघतो, मग जमीन.

नज्दमध्ये तुवैक नावाचा चुनखडीचा कडा सुमारे 800 किलोमीटर धावतो. पश्चिमेला तुटलेला, पूर्वेला अलगद उतरलेला. त्यापुढं दहना हा तांबूस वाळूचा लांबलचक पट्टा. वाळूच्या कणांवर लोहाचा गंज चढलेला असतो, म्हणून तो रंग. दहना उत्तरेचं नफूद आणि दक्षिणेचं रुब अल खाली ही दोन वाळवंटं जोडतो. रुब अल खाली म्हणजे ‘रिकामा चतुर्थांश’ : सुमारे साडेसहा लाख चौरस किलोमीटर, शेजारच्या तीन देशांतही पसरलेला, 250 मीटरपर्यंत उंच टेकड्यांचा. या रिकाम्या मुलखात जुन्या तळ्यांचा गाळ आहे आणि त्यात पाणघोड्यांचे अवशेष सापडले आहेत. कधीकाळी इथं भरपूर पाऊस पडत होता.

त्या काळातलं पाणी खडकांत मुरलं आणि उताराच्या दिशेनं जमिनीखालून सरकत राहिलं. पूर्वेला अल-अहसा इथं ते झऱ्यांतून वर यायचं. त्यावरच तिथं पंचवीस लाख खजुरांची बाग उभी राहिली. आता तिथं पंप लावावे लागतात. 1980च्या दशकात याच पुरातन पाण्यावर गोल गोल शेतांत गहू पिकवला, निर्यातसुद्धा केला. पाण्याची पातळी झपाट्यानं खाली गेली. अखेर 2008 साली सरकारनं ही गव्हाची शेती टप्प्याटप्प्यानं आवरती घ्यायचं ठरवलं.

आज रियाधच्या नळाला येणारं बरंचसं पाणी आखाताच्या किनाऱ्यावर, जुबैलला समुद्रातून गोडं केलं जातं आणि 400हून जास्त किलोमीटर पंपानं आणलं जातं. हजारो वर्षं पाणी ज्या उतारानं पूर्वेकडे गेलं, त्याच उतारावर आता ते 600 मीटर उलटं चढतं.