आतश पातशहाची चाकरी

आतश बेहराम, म्हणजे पारशांचा सर्वांत वरच्या दर्जाचा अग्नी, उभारायचा तर सोळा प्रकारचा अग्नी गोळा करावा लागतो. त्यात सर्वांत आधी नाव येतं चितेच्या अग्नीचं. मग रंगाऱ्याच्या भट्टीतला, राजाच्या घरचा, कुंभाराच्या आव्यातला, वीटभट्टीतला, फकिराच्या धुनीतला, सोनाराच्या शेगडीतला, टांकसाळीतला, लोहाराचा, शस्त्रं घडवणाऱ्याचा, भटारखान्यातला, दारू गाळणाऱ्याचा, सैनिकाचा, धनगराचा. वीज पडून पेटलेल्या झाडाचा अग्नीही लागतो, आणि तो मिळेपर्यंत थांबावं लागतं. शेवटी येतो तो पारशी घरांतल्या चुलींचा. माणसाची वस्ती जिथे जिथे आगीवर जगते, तिथला प्रत्येक अग्नी या एका ज्योतीत आलेला असतो. पारशी धर्म बंदिस्त आहे असं समजणाऱ्याने ही यादी एकदा सावकाश वाचावी.

गोळा केलेला अग्नी तसाच चालत नाही, तो शुद्ध करून घ्यावा लागतो. छिद्रं असलेल्या पळीत सुखडीचे, म्हणजे चंदनाचे, बारीक तुकडे ठेवून ती पळी आगीच्या वर, आगीला न टेकवता धरतात. नुसत्या धगीने चंदन पेटलं की झाला दुसरा अग्नी. त्याच्यावर पुन्हा पळी, मग तिसरा. चितेच्या अग्नीसाठी हे ९१ वेळा करायचं, विजेच्या अग्नीसाठी ९० वेळा, घरगुती अग्नीसाठी १८४ वेळा. सोळांची बेरीज ११२८ होते. त्यानंतर प्रत्येक अग्नीसाठी त्याच हिशेबाने यस्न आणि वेंदिदादचे विधी. मोबेदांच्या, म्हणजे पारशी धर्मगुरूंच्या, अनेक जोड्या एकाच वेळी कामाला लागल्या तरी यात महिनोन् महिने जातात. जीवनजी जमशेदजी मोदी या पारशी विद्वानाने १९२२ साली प्रसिद्ध केलेल्या धर्मविधींवरच्या ग्रंथात हे सगळं आकड्यांनिशी नोंदवून ठेवलं. आज आपण हे इतक्या बारकाईने सांगू शकतो ते त्यांच्यामुळे.

पारशांना सरसकट ‘अग्निपूजक’ म्हणून मोकळं होण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. त्यांची प्रार्थना असते अहुर मज्दाला, ज्ञानाच्या त्या एका स्वामीला. अवेस्ता या धर्मग्रंथात अग्नीला त्याचा पुत्र म्हटलं आहे. सुविचार, सुवचन आणि सुकर्म हे या धर्माचं सूत्र, आणि माणूस त्याप्रमाणे वागतो की नाही याचा साक्षी अग्नी. पारशी माणूस आतशला पातशहा मानतो, आणि ते केवळ बोलण्यापुरतं नाही. प्रतिष्ठापनेला तख्तनशीन करणं म्हणतात. ज्योतीच्या वर धातूचं ताट टांगलेलं असतं, तो ताज. गाभाऱ्याच्या भिंतीवर तलवार आणि गदा असतात. वास्तू राजवाड्याची, उपचार दरबाराचे, आणि सेवेला असलेला मोबेद हा चाकर.

अग्नीच्या तीन पायऱ्या आहेत. दादगाह सर्वांत साधा, तो घरातही असू शकतो. आतश आदरान चार अग्नींचा, धर्मगुरू, योद्धा, शेतकरी आणि कारागीर या चार वर्गांच्या घरचा. गावोगावच्या बहुतेक अग्याऱ्यांत, म्हणजे पारशी अग्निमंदिरांत, तो असतो. मुंबईतली आजची सर्वांत जुनी अग्यारी फोर्टमधली बनाजी लिमजी अग्यारी, १७०९ची. आतश बेहराम मात्र भारतात आठच आहेत. त्यांतले चार एकट्या मुंबईत, आणि तेही गिरगाव-धोबीतलावच्या परिसरात, पायी फिरता येईल एवढ्या अंतरात: फणसवाडीतला दादीशेठ (१७८३), प्रिन्सेस स्ट्रीटचा वाडिया (१८३०), चर्नी रोडचा बनाजी (१८४५) आणि धोबीतलावचा अंजुमन (१८९७). दादीशेठ आणि बनाजी कदमी पंथाचे, उरलेले दोन शहेनशाही. दोन्ही पंथांच्या पंचांगांत महिन्याचं अंतर, बाकी धर्म एकच. गिरगावातल्या कितीतरी मराठी पिढ्यांनी या इमारतींवरून रोज ये-जा केली आहे.

सर्वांत जुना आतश बेहराम उदवाड्याचा, ‘इराणशाह’. त्याची कहाणी ‘किस्सा-ए-संजान’ या काव्यात येते. नवसारीच्या बहमन कैकोबाद या मोबेदाने ते सोळाव्या शतकाच्या अगदी अखेरीस फारसीत लिहिलं. इराणमधून आलेले लोक संजानला उतरले, तिथे त्यांनी हा अग्नी तख्तनशीन केला. उतरण्याचं साल कोणतं, यावर अभ्यासकांचा वाद आहे. आठव्या शतकापासून दहाव्यापर्यंत मतं जातात. पुढे सुलतानाच्या फौजेने संजान जिंकलं तेव्हा मोबेद अग्नी घेऊन बाहरोटच्या डोंगरावर गेले आणि तिथल्या गुहेत त्यांनी तो बारा वर्षं सांभाळला. हा डोंगर आज महाराष्ट्रात आहे, पालघर जिल्ह्याच्या डहाणू तालुक्यात. बोर्डी-घोलवडच्या चिकूच्या वाड्या मागे टाकल्या की तो समोर दिसतो. अशा डोंगरावर, पावसाळ्यासकट बारा वर्षं, कोरडं लाकूड वर नेत राहायचं आणि ज्योत एकदाही विझू द्यायची नाही, यामागचे कष्ट मला त्या काव्याहूनही मोठे वाटतात. तिथून वांसदा, चौदा वर्षं. मग नवसारी. नवसारीत संजाना आणि भगरिया मोबेदांमध्ये विधींच्या हक्कांवरून फाटलं आणि अग्नी पुन्हा निघाला. १७४२ साली तो उदवाड्याला पोहोचला आणि तेव्हापासून तिथेच आहे. नऊ मोबेद घराणी पाळीपाळीने त्याची सेवा करतात.

ही सेवा म्हणजे काय? पारशी दिवसाचे पाच भाग, पाच गाह: हावन, रपिथ्विन, उजिरिन, अइविस्रुथ्रेम आणि उशहिन. प्रत्येक गाहला अग्नीला बोई, म्हणजे सुखडीचा सुगंधी नैवेद्य, द्यायची. मोबेद पांढऱ्या पोशाखात, तोंडावर पदान बांधून आत जातो, म्हणजे श्वास किंवा थुंकी अग्नीला लागू नये. आतश बेहरामवर सुखडीचे सहा तुकडे जोडीजोडीने रचून माची घालतात, तेच पातशहाचं सिंहासन. प्रार्थनेत दुर्विचार, दुर्वचन आणि दुष्कर्म धिक्कारायची जागा आली की घंटेचे टोल पडतात. उशहिन गाह मध्यरात्रीनंतर सुरू होतो. शहर झोपलेलं असताना फणसवाडीत आणि प्रिन्सेस स्ट्रीटवर एक माणूस उठून हात-तोंड धुतो, कमरेची पवित्र दोरी, कस्ती, पुन्हा बांधतो, सुखड उचलतो आणि घंटा वाजवतो. सणाच्या दिवशी तेच, सुतकाच्या दिवशी तेच, शहर बंद असलं तरी तेच.

घरातही अग्नीचा मान आहे. सकाळ-संध्याकाळ लोबान फिरवतात, देवापुढचा दिवा फुंकर मारून विझवत नाहीत. आदर महिन्याच्या आदर रोजी अग्नीचा वाढदिवस. त्या दिवशी चूल स्वच्छ करून ओट्याच्या भिंतीवर हळद-कुंकवाने पळी, चिमटा, झारा अशी स्वयंपाकघरातली आयुधं चितारतात. मराठी घरातल्या बाईला हे चित्र परकं वाटणार नाही.

२०११च्या जनगणनेत भारतात पारशी होते ५७,२६४. त्याआधी दहा वर्षं ते ६९,६०१ होते. या उताराची चर्चा दोन विषयांवरच अडकून पडते, जन्मदर आणि आंतरधर्मीय विवाह. १९०८ साली मुंबई उच्च न्यायालयात दावर आणि बीमन या न्यायमूर्तींनी निकाल दिला. पारशी बापाच्या मुलांना नवजोत, म्हणजे धर्मदीक्षा, झाल्यावर समाजात जागा मिळाली, पारशी आईच्या मुलांना मिळाली नाही. शंभर वर्षांवर झाली, तीच रेघ अजून चालते. अन्य धर्मात लग्न केलेल्या पारशी बाईने अग्यारीत जावं की नाही, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला आहे. माझं मत सरळ आहे: ज्या ज्योतीत कुंभाराचा, धनगराचा आणि चितेचा अग्नी आदराने घेतला, तिच्यासमोर आपल्याच लेकीला उभं राहू न देणं त्या ज्योतीला शोभत नाही. आम्ही बिगरपारशी दाराबाहेर राहतो, ते ठीक आहे, तो त्यांचा नेम आहे आणि तो पाळावा. लेकीची गोष्ट वेगळी.

पण या वादात एक माणूस कुणाला आठवत नाही, तो म्हणजे बोई देणारा. मोबेद होता येतं ते मोबेदाच्या घरात जन्मलेल्या मुलालाच. त्याने लहान वयात पहिली दीक्षा घेऊन ‘नावर’ व्हायचं, नऊ रात्रींच्या एकांतवासाचं बरेश्नूम दोनदा घ्यायचं, यस्नाचे बहात्तर अध्याय तोंडपाठ करायचे, पुढे ‘मरातब’ ही दुसरी दीक्षा. दादरची आथोर्नान संस्था १९१९ पासून हे शिक्षण देते आहे, पण मुलं मोजकीच येतात. नावर झालेल्यांपैकी पुष्कळजण बँकेत, विमानकंपनीत, परदेशात जातात. बापाने आयुष्यभर तुटपुंज्या वेतनावर रात्री जागवलेल्या पाहिल्यावर मुलाने तसं ठरवलं, तर त्याला बोल लावायचा कुणी?

समाजात दानत कमी नाही. अग्याऱ्यांच्या दुरुस्तीला, दगडी खांबांना, झुंबरांना देणग्या येतात. उदवाड्याची आजची वास्तू १८९४ साली मोतलीबाई वाडियांच्या दानातून उभी राहिली. इमारतीवर दात्याचं नाव कोरता येतं, बोईवर कोरता येत नाही, आणि खरी अडचण इथेच आहे. बाहरोटच्या गुहेत ना झुंबर होतं ना संगमरवर. लाकूड होतं आणि जागे राहणारे मोबेद होते, तेवढ्यावर इराणशाह वाचला. म्हणून आतशच्या नावाने येणाऱ्या देणगीतला पहिला हिस्सा, सुखडीच्याही आधी, बोई देणाऱ्याच्या वेतनात, घरात आणि त्याच्या मुलांच्या शिक्षणात गेला पाहिजे.