रिकाम्या पडद्यावरचे घर

दिवाणखान्यातील ज्या दर्शनी भिंतीवर एके काळी आजोबा-पणजोबांच्या तसबिरी ओळीने टांगलेल्या असत, तेथे आज बहुतेक घरांत दूरचित्रवाणीचा संच विराजमान झालेला आहे. चालू असतो तेव्हा तो साऱ्या घराचे लक्ष वेधून घेतो. बंद असतो तेव्हा एक लांबरुंद काळी पाटी एवढेच त्याचे रूप उरते. तसबिरी मात्र रंगकामाच्या वेळी खाली उतरल्या त्या पुन्हा वर चढल्या नाहीत. त्या माळ्यावरच्या ट्रंकेत गेल्या, आणि नवी छायाचित्रे हजारोंच्या संख्येने मोबाइलमध्ये साठत राहिली. दोन्हींकडे सहसा कोणी पाहत नाही.

या रिकाम्या पडद्यावर घरची छायाचित्रे व चित्रे एकामागून एक दाखविण्याची सोय आजच्या बहुतेक संचांत असते. ही सोय केवळ शोभेची आहे, असे आम्हांस वाटत नाही. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांना तिचा अधिक मोलाचा उपयोग आहे.

चित्रे सामान्य माणसाच्या भिंतीवर आली, ती कथाही फार जुनी नाही आणि आपल्याला परकीही नाही. राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांची अनेक चित्रे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या संग्रहात होती. त्या चित्रांच्या छापील प्रती काढाव्यात, म्हणजे ती अनेकांना मिळतील, अशी सूचना रविवर्म्यांना केली ती बडोद्याचे दिवाणपद भूषविलेल्या सर टी. माधवरावांनी; आणि हे माधवराव तंजावरकडील मराठी घराण्यातले! पुढे १८९४ साली मुंबईत रविवर्म्यांचा छापखाना निघाला, तो नंतर लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. लक्ष्मी आणि सरस्वती राजवाड्यातून माजघरात आल्या त्या अशा.

तसेच पाऊल आता पडद्याने टाकले आहे. २०१७ साली ‘सॅमसंग’ने ‘द फ्रेम’ नावाचा, बंद असताना चित्राच्या चौकटीसारखा दिसणारा संच बाजारात आणला. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने आपल्याकडील पावणेचार लाख चित्रप्रतिमा सर्वांना विनामूल्य खुल्या केल्या. आपल्या कायद्याप्रमाणे चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याच्या चित्रांवरील हक्क संपतो. त्यामुळे रविवर्म्यांची किंवा १९४४ साली निवर्तलेल्या धुरंधरांची चित्रे निःशंक लावता येतात. आणि घरातील नातीने काढलेला मोर, आजीने भरलेला कशिदा, दिवाळीतली ठिपक्यांची रांगोळी यांना तर कोणाच्या परवानगीची गरजच नाही.

परंतु आमचा खरा आग्रह आहे तो ट्रंकेतल्या छायाचित्रांसाठी. एका मुंजीचे जुने छायाचित्र पडद्यावर आले, की “आजी, हा मुंडावळ्या बांधलेला मुलगा कोण?” असा प्रश्न आपोआप येतो. उत्तर देताना आजी भिक्षावळ सांगते, मातृभोजन सांगते, मांडवात रुसून बसलेल्या आत्याची हकीकत सांगते. शाळेत गुजराती, हिंदी वा कानडी आणि बाहेर इंग्रजी बोलणाऱ्या मुलाच्या कानांवर हे शब्द एरवी कोठून पडावेत? मराठी बोल, असे दहा वेळा बजावून जे होत नाही, ते एका छायाचित्राने होऊन जाते.

येथेच काळजीची गोष्ट आहे. छायाचित्र टिकते, पण त्यातील माणसांची नावे टिकतीलच असे नाही. पन्नास माणसांच्या लग्नाच्या छायाचित्रातील सर्वांना ओळखणारी घरात आता एखादीच व्यक्ती असते, आणि तिचे वय ऐंशीच्या पुढे असते. ती गेली, की मागे उरतात ते पन्नास अनोळखी चेहरे. म्हणून पडदा सजविण्याच्या निमित्ताने प्रथम नावे लिहून घ्यावीत, हे आमचे सर्व वाचकांस आग्रहाचे सांगणे आहे. डावीकडून उजवीकडे नावे, नाते, गाव आणि साल, एवढे पुरे. साल नक्की ठाऊक नसेल तर ‘अंदाजे’ असे लिहावे. छायाचित्राच्या पाठीवर काही लिहिलेले असल्यास तिचीही प्रत घ्यावी. मोबाइलवर प्रतीच्या खालच्या कडेस दोन ओळी टाकता येतात. त्या पडद्यावरही दिसतात.

प्रत घेण्याचे काम अवघड नाही. चार बाय सहा इंचांचे छायाचित्र स्कॅनरवर इंचास ६०० ठिपके या प्रमाणात घेतले, तर ३,६०० बाय २,४०० ठिपक्यांची प्रत मिळते. फोर-के संचाचा पडदा ३,८४० बाय २,१६० ठिपक्यांचा असतो, त्यास ती पुरेशी होते. स्कॅनर नसल्यास खिडकीजवळच्या मंद उजेडात, फ्लॅश न लावता, मोबाइल छायाचित्राशी समांतर धरून प्रत घ्यावी. छायाचित्र ओल्या फडक्याने पुसू नये. अल्बमच्या पानास चिकटलेले असेल तर ओढून काढू नये. पानासकट प्रत घ्यावी. उभे छायाचित्र आडव्या पडद्यावर ताणून बसवू नये. दोन्ही बाजूंस काळी जागा राहिली तरी चालेल, पण आजोबांची पगडी कापली जाऊ नये.

खर्चाचाही हिशेब पाहावा. संच ७० वॉटचा धरला आणि तो रोज सहा तास चालला, तर महिन्यास साडेबारा युनिटांच्या आसपास वीज लागते. म्हणून चित्रे दिवसभर न लावता संध्याकाळी किंवा पाहुणे येतील तेव्हा लावावीत आणि उजेड कमी ठेवावा. ओएलईडी जातीच्या संचावर एकच चित्र फार वेळ राहिल्यास त्याची पुसट छाया कायमची उमटू शकते. तेथे चित्र काही मिनिटांनी बदलत राहणे इष्ट.

आणखी दोन पथ्ये आहेत. मोबाइलमधील सगळाच साठा पडद्यास जोडू नये. नाहीतर पाहुण्यांसमोर वैद्यकीय अहवाल आणि बँकेची कागदपत्रे झळकतील. निवडक चित्रांचा वेगळा संग्रह करावा. दुसरे असे की, घरात नुकताच कोणाचा वियोग झाला असेल, तर त्या व्यक्तीचे छायाचित्र लावण्यापूर्वी ज्यांचे दुःख सर्वांत मोठे त्यांना विचारावे. एखाद्या आईस ते रोज समोर हवे असेल, एखादीस ते वर्षभर पाहवणारही नाही. यंत्राला हे कळत नाही, घरच्यांना कळले पाहिजे.

आणि प्रत घेतली म्हणून मूळ छायाचित्र रद्दीत घालू नये. ते कोरड्या जागी, कागदात वेगळे गुंडाळून ठेवावे. प्रतीही दोन ठिकाणी असाव्यात.

यंदा दिवाळीच्या साफसफाईत ट्रंक खाली काढालच, तेव्हा सर्व छायाचित्रांचा पसारा मांडू नका. फक्त पंचवीस निवडा, घरातील सर्वांत वडील व्यक्तीस शेजारी बसवा आणि वही-पेन्सिल मुलांच्या हाती द्या. पडद्यावर चित्रे चढण्यास आठवडा उशीर झाला तरी हरकत नाही. नावे मात्र त्याच दिवशी लिहून व्हावीत.